भाकरीसाठीं देशांतर : रूथच्या ग्रंथावरून एक धडा

शास्त्रपाठ : रूथ, अध्याय १ व २.

पाठांतरासाठीं : अनुवाद १०:१९.

घरीं वाचण्यासाठीं : सोमवार, उत्पत्ति १२:१-१०. मंगळवार, उत्पत्ति ४६:१-७. बुधवार, लेवीय १९:९-१८ व ३३-३४. गुरुवार, अनुवाद २४:१४-२२. शुक्रवार, मत्तय २:१३-२३. शनिवार, इब्री ११:८-१६.

धड्याचा हेतु : पोटासाठीं गांव सोडणाऱ्या माणसाकडे देव कसा पाहतो हें समजून घेणें, आणि जाणारे व येणारे या दोघांविषयीं मंडळीचें कर्तव्य काय तें शिकणें.

प्रस्तावना

दसरा सरला कीं बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव इत्यादि जिल्ह्यांतील कोरडवाहू गांवांत निघण्याची तयारी सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेलीं कुटुंबें भांडीं, पीठ, शेळ्या व लेंकरें ट्रकमध्यें अथवा ट्रॅक्टरच्या मागें घालून ऊसतोडीस निघतात. कोणी सातारा, सांगली, कोल्हापूरकडे जातात, कोणी पुण्याकडे, तर कोणी कर्नाटकांत. नवरा व बायको मिळून एक कोयता समजला जातो. कारखान्याचें गाळप चालू असेपर्यंत, म्हणजे पांच-सहा महिने, फडाजवळची कोपी हेंच त्यांचें घर. गांवांत म्हातारीं माणसें, आणि त्यांच्या स्वाधीन केलेलीं कांहीं मुलें एवढींच मागें राहतात.

अशा गांवीं आपली मंडळी असली, तर तिचीही अवस्था हीच होते. नाताळचा सण तर ऐन हंगामांत येतो. ज्या बाळाला उतरण्यास जागा मिळाली नाहीं त्याचा जन्मदिवस हीं कुटुंबें उसाच्या फडांत, कोयता हातीं घेऊन काढतात. आणि इकडे गांवांत उपदेशक थोड्याशा म्हाताऱ्यांपुढें सणाची उपासना चालवितो.

या गोष्टीविषयीं मंडळ्यांत दोन प्रश्न निघतात. पहिला असा : पोटासाठीं गांव सोडणें हा अविश्वास नव्हे काय? दुसरा असा : जे दूर गेले त्यांचा भार मंडळीनें कसा वाहावा, आणि जे परके आपल्या गांवीं आले त्यांच्याशीं आपला काय संबंध? या दोहोंचें उत्तर शोधण्यास रूथच्या ग्रंथासारखा दुसरा ग्रंथ नाहीं. तो चारच अध्यायांचा आहे, आणि त्यांतील माणसें आपल्यासारखींच पाऊस, पीक व मजुरी यांच्या चिंतेंत जगणारीं आहेत.

१. एलीमलेखाचें जाणें (रूथ १:१-५)

ग्रंथाचा आरंभ दुष्काळानें होतो. बेथलेहेम या नांवाचा अर्थ भाकरीचें घर; त्याच घरांतली भाकर संपली. तेव्हां एलीमलेख आपली बायको नामी, आणि महलोन व खिल्योन हे दोन पुत्र यांस घेऊन मृत समुद्रापलीकडील मवाब देशांत जाऊन राहिला. तेथें तो वारला. पुत्रांनीं मवाबी मुलींशीं लग्नें केलीं. आणि सुमारें दहा वर्षें तेथें काढल्यावर तेही दोघे वारले. परदेशांत तीन विधवा मागें राहिल्या.

कित्येक जण येथें असें शिकवितात कीं, एलीमलेखानें वचनदत्त देश सोडला म्हणून देवानें त्याचें घर बुडविलें. उपदेशक बंधूंनीं हा अध्याय पुन्हां सावकाश वाचावा. ग्रंथकार दुष्काळ सांगतो, जाणें सांगतो, मरण सांगतो. परंतु मरण हें जाण्याचें शासन होतें असें तो कोठेंही लिहीत नाहीं. नामी मात्र पुढें म्हणते कीं परमेश्वराचा हात आपणांवर उठला आहे. तो तिचा शोक आहे. शोकांत बुडालेल्या बाईच्या उद्गारावरून आपण सिद्धांत बसवूं नये. ज्या घरचा माणूस परमुलखांत वारला, त्या घरीं जाऊन ही शिकवण दिली तर तिनें कोणाचेंही समाधान होणार नाहीं, आणि ती शास्त्राच्या आधारावांचूनच दिलेली असेल.

दुष्काळामुळें देश सोडण्याचीं आणखी तीन उदाहरणें उत्पत्तीच्या पुस्तकांत आहेत, तीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. अब्राहाम अन्नासाठीं मिसर देशांत गेला. तेथें भयामुळें तो आपल्या बायकोविषयीं खोटें बोलला, तरी देवानें सारेला राखिलें (१२:१०-२०). इसहाकावर तसाच दुष्काळ आला, तेव्हां देवानें त्याला मिसरांत जाण्यास मना केली (२६:१-६). याकोब म्हातारपणीं निघाला, तेव्हां देवानेंच त्याला भिऊं नको असें सांगून मिसरांत पाठविलें, आणि आपण बरोबर येऊं असें वचन दिलें (४६:१-४). देश एकच; एकाला मना, एकाला आज्ञा. यावरून हें स्पष्ट होतें कीं जाणें स्वतः पाप नव्हे, व राहणें स्वतः पुण्य नव्हे. देवाला विचारून जावें, आणि जेथें जाऊं तेथें सत्य सोडूं नये, हा या तिन्हींचा बोध आहे. अब्राहामाचा दोष प्रवासांत नव्हता, लबाडींत होता.

आपल्या प्रभूचीही गोष्ट आठवावी. तो लहान बाळ असतां हेरोदाच्या भयानें त्याला रातोरात मिसरांत न्यावें लागलें. देवाचा पुत्र परमुलखांत वाढला. म्हणून गांव सोडून निघालेल्या कुटुंबास कमी लेखणाऱ्यानें आपण कोणाला कमी लेखतों हें पाहावें.

२. रूथचा निश्चय (रूथ १:६-२२)

बेथलेहेमांत पुन्हां पीक आल्याचें नामीच्या कानीं आलें व ती परत निघाली. दोघी सुना तिच्याबरोबर निघाल्या. वाटेंत तिनें त्यांना माहेरीं जाण्यास सांगितलें. अर्पा रडत परत गेली. शास्त्र तिला दोष देत नाहीं. रूथ मात्र सासूला बिलगून राहिली, आणि तिनें नामीचे लोक व नामीचा देव हेच आपले केले.

हें कसें झालें? मवाबांत कोणी संदेष्टा गेल्याचें आपण वाचीत नाहीं. रूथनें परमेश्वराविषयीं जें ऐकिलें व पाहिलें, तें त्या एका निराश्रित घरांतच. सासूचें वागणें, घरांतली प्रार्थना, दुःखांतला धीर, हेंच तिचें शुभवर्तमान झालें असावें. प्रेषितांच्या काळींही असेंच घडलें. स्तेफनाच्या वधानंतर ज्यांची पांगापांग झाली ते जातील तेथें वचन सांगत गेले, आणि अंत्युखियाची मंडळी अशा पांगलेल्या साध्या माणसांकडून उभी राहिली (प्रेषितांचीं कृत्यें ८:४ व ११:१९-२१). क्लौद्य कैसरानें यहूद्यांना रोमेंतून घालविलें म्हणून अक्विला व प्रिस्किल्ला करिंथास आलीं, आणि तंबू शिवण्याच्या त्यांच्या घरींच पौलाला राहण्यास जागा मिळाली (१८:१-३).

तेव्हां फडावर जाणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबानें आपण मंडळीपासून तुटलों असें मानूं नये. टोळींत दहा-बारा कोयते असतात. शिव्याशाप न देणारा, दारूला न शिवणारा, दुसऱ्याच्या आजारी लेंकराला पाणी पाजणारा एक कोयता तेथें असला, तर तो लोकांच्या ध्यानांत राहतो.

३. शेताच्या कडेचा वांटा (रूथ २:१-७)

दोघी बेथलेहेमास पोहोंचल्या तेव्हां जवाच्या कापणीचा आरंभ होता. नामीचें घर रिकामें. म्हणून रूथ सरवा वेंचावयास निघाली. हें भीक मागणें नव्हतें. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें शेताच्या कडा पूर्ण कापूं नयेत, पडलेली कणसें मालकानें वेंचूं नयेत, विसरलेली पेंढी आणावयास परत जाऊं नये, अशी आज्ञा होती. तो वांटा परदेशी, अनाथ व विधवा यांचा होता (लेवीय १९:९-१०, अनुवाद २४:१९-२२). रूथ परदेशी होती व विधवाही होती. तिच्या भाकरीची सोय देवानें तिच्या येण्याच्या कितीतरी आधीं करून ठेविली होती.

त्या आज्ञेचें कारणही देव सांगतो. तुम्ही स्वतः मिसरांत परदेशी व दास होतां, तें विसरूं नका. परक्याचें मन कसें असतें हें इस्राएलाला ठाऊक होतें (निर्गम २३:९). म्हणून लेवीय १९ मध्यें शेजाऱ्यावर प्रीति करण्याची आज्ञा दिल्यावर, त्याच अध्यायाच्या शेवटीं, परदेशीयावरही स्वतःसारखीच प्रीति करावी अशी आज्ञा येते. पहिलें वचन आपल्या मुलांना पाठ येतें, दुसरेंही शिकवावें.

४. बवाजाचें वागणें (रूथ २:८-२३)

येथें प्रत्येक ओळ थांबून वाचावी. बवाज शेतमालक होता, आणि मवाबी लोकांविषयीं त्याच्या देशांत तिटकारा होता. त्या तिटकाऱ्याचें एक कारण अनुवाद २३:४ मध्यें दिलें आहे : इस्राएल मिसरांतून वाट चालत येत असतां मवाबी लोकांनीं त्यांस अन्नपाणी घेऊन सामोरें येण्याचें टाळलें. आतां तशाच एका मवाबी स्त्रीला बवाज काय देतो? आपल्या गड्यांच्या घागरींतील पाणी, आणि आपल्या पंक्तीस बसवून भाकर व हुरडा. मवाबांनीं जें नाकारिलें तेंच त्यानें दिलें. जुना हिशेब त्यानें असा पुरा केला.

त्याहून मोठी गोष्ट नवव्या वचनांत आहे. तिला कोणी हात लावूं नये अशी ताकीद त्यानें गड्यांना दिली. परमुलखांतील एकट्या स्त्रीला कापणीच्या शेतांत काय भय असतें, हें तो जाणत होता. नामीही जाणत होती, म्हणून तिनेंही रूथला दुसऱ्या शेतांत जाऊं नको असें सांगितलें (वचन २२). मजूर स्त्रीच्या अब्रूची काळजी ही मालकाची व मुकादमाची जबाबदारी आहे, असें हा ग्रंथ शिकवितो. शिवाय बवाजानें गड्यांस सांगितलें कीं पेंढ्यांतून कांहीं कणसें मुद्दाम टाकीत जा आणि तिला धमकावूं नका. संध्याकाळीं तिनें झोडून पाहिलें तों एक एफाभर, म्हणजे सुमारें २२ लिटर, जव भरले. नियमानें जेवढें भाग होतें त्यापेक्षां अधिक त्यानें दिलें, आणि घेणारीला लाज वाटूं नये अशा रीतीनें दिलें.

या परक्या मजुरणीच्या पोटीं ओबेद झाला. ओबेदाचा इशाय, व इशायाचा दावीद. मत्तयानें आपल्या पहिल्याच अध्यायांत प्रभूच्या वंशावळींत तिचें नांव लिहिलें आहे (१:५). बवाजानें त्या दिवशीं तिला शेतांतून हांकून दिलें असतें, तर स्वतःचें केवढें नुकसान करून घेतलें असतें याची त्याला कल्पनाही आली नसती.

५. आजचा फड आणि शास्त्राचा न्याय

आतां हा आरसा आपल्या मुलखापुढें धरूं. महाराष्ट्राच्या सहकारी साखर कारखान्यांचा आरंभ लोणी येथील प्रवरेच्या कारखान्यापासून, १९५० च्या सुमारास झाला. पुढें पाटाचें पाणी जेथें पोहोंचलें तेथें ऊस वाढला; जेथें पोहोंचलें नाहीं तेथून तोडणारे हात येऊं लागले. १९७२ च्या दुष्काळासारखीं वर्षें ज्यांनीं सोसलीं, त्यांस या जाण्याचें कारण समजावून सांगावें लागत नाहीं.

हंगामाआधीं मिळालेली उचल टनाच्या हिशेबानें फेडावी लागते. फिटली नाहीं तर बाकी पुढच्या सालीं चढते. खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून आजारी बाईही मोळी उचलते. २०१९ सालीं राज्य सरकारनें नेमलेल्या समितीच्या कामांत बीड जिल्ह्यांतील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. हा आंकडा वाचून मंडळीच्या वडिलांनीं स्वस्थ बसूं नये. आपल्या बहिणींना असें कांहीं सुचविलें गेलें तर घाई न करितां सरकारी रुग्णालयांत दुसऱ्या डॉक्टराचें मत घ्यावें, हें सांगण्याचें काम मंडळीच्या बायकाच उत्तम करूं शकतील.

अनुवाद २४ मध्यें देव सांगतो कीं गरीब मजूर आपला असो वा परदेशी असो, त्याची मजुरी त्याच दिवशीं सूर्यास्तापूर्वीं द्यावी. आणि कोणाचें जातें गहाण घेऊं नये, कारण तें त्याचें जीवनच गहाण घेणें होय. याकोब आपल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत म्हणतो कीं कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेविलेली मजुरीच ओरडते, आणि ती ओरड देवाच्या कानीं जाते. देशाचा कायदाही याला अनुकूल आहे. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी रद्द केली असून कर्जाच्या नांवाखालीं माणसास डांबून ठेवणें हा गुन्हा आहे. आपल्यांत कोणी मुकादम असतील तर त्यांनीं हें मनावर घ्यावें. चोख हिशेब हीही प्रभूची सेवा आहे.

६. एक साक्ष, आणि एक शोक

आपल्याच इतिहासांत याची एक मोठी साक्ष आहे. पंडिता रमाबाई लहानपणापासून आईबापांबरोबर तीर्थोतीर्थीं फिरल्या. १८७० नंतरच्या दशकांतील दुष्काळांत त्यांचे आईबाप उपासमारीनें गेले. मग बहीणही गेली. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास दोघे पायीं भटकत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचले. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत, आणि पुन्हां १९०० च्या सुमारास गुजराथेंतील दुष्काळांत, ज्या बाईनें शेकडो निराधार मुली व विधवा केडगांवीं आणून मुक्तिसदनांत सांभाळिल्या, ती हीच. भुकेनें वाट चालणें काय असतें तें तिला ठाऊक होतें, आणि तें ती विसरली नाहीं. निर्गम २३:९ चा अर्थ तिनें आचरून दाखविला.

शोकाची गोष्ट अशी. मार्च २०२० मध्यें रोगाच्या सांथीमुळें सर्व देश बंद झाला, तेव्हां लक्षावधि मजूर पायीं गांवाकडे निघाले. ८ मे २०२० रोजीं पहांटे, औरंगाबादजवळ करमाड येथें, रेल्वेच्या रुळांवर थकून झोंपीं गेलेले १६ मजूर मालगाडीखालीं सांपडून मेले. ते मध्यप्रदेशचे होते. जालन्याच्या कारखान्यांतून निघून घरीं चालले होते. त्यांच्या पोळ्या रुळांवर विखुरलेल्या लोकांनीं पाहिल्या. ज्या मराठवाड्यांतून आपले लोक भाकरीसाठीं बाहेर जातात, त्याच मराठवाड्यांत परमुलखाचे लोक भाकरीसाठीं येतात. एका दारीं आपण परदेशी आहों, दुसऱ्या दारीं आपणच घरधनी आहों. प्रभूचा न्याय या दोन्ही दारीं एकच आहे (मत्तय २५:३५).

७. मंडळीनें काय करावें

उपदेशक बंधूंनीं पुढील गोष्टी आपापल्या मंडळींत ठरवाव्या.

पहिली : हंगामापूर्वींचा एक रविवार जाणाऱ्यांसाठीं राखावा. त्यांचीं नांवें घेऊन प्रार्थना करावी, आणि कोण कोणत्या कारखान्याकडे जात आहे याची यादी लिहून ठेवावी.

दुसरी : जातांना चिठ्ठी द्यावी. पौलानें फीबी बहिणीविषयीं रोमच्या मंडळीस लिहिलें, तसें पाळकानें फडाजवळच्या मंडळीस लिहावें (रोम १६:१-२). ज्या मंडळीकडे असें पत्र येईल तिनें आठवड्याच्या आंत फडावर जाऊन भेट घ्यावी. नाताळच्या दिवशीं तर कोपीजवळच उपासना करावी. त्या कुटुंबास सुट्टी मिळत नाहीं, मंडळीला मिळते.

तिसरी : आठवड्यांतून एकदां मोबाईलवरून बोलावें. पांच मिनिटें विचारपूस व एक लहानशी प्रार्थना पुरे आहे.

चौथी : मुलांची शाळा बुडूं देऊं नये. मागें राहणाऱ्या मुलांसाठीं मंडळींतील एखाद्या घरानें संध्याकाळचें जेवण व अभ्यास यांचा भार घ्यावा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं सरकारनें २०२१ पासून संत भगवानबाबा यांच्या नांवें वसतिगृहांची योजना हातीं घेतली आहे; तिची चौकशी तालुक्याच्या ठिकाणीं वेळेवर करावी. मुलगी मागें एकटी राहते म्हणून तिचें लग्न लवकर उरकण्याचा विचार कोणी बोलून दाखविला, तर मंडळीनें तिला आधार देऊन तो थांबवावा.

पांचवी : आपल्या गांवीं वीटभट्टीवर, विहिरीच्या कामावर अथवा कारखान्यांत परप्रांतीय मजूर आले असतील, तर त्यांची भाषा येत नाहीं ही सबब सांगूं नये. बवाजानें आधीं पाणी दिलें, मग आशीर्वादाचा शब्द बोलला, मग भाकर दिली. आपणही त्याच क्रमानें करावें.

समारोप

नामी परत आली तेव्हां म्हणाली कीं आपण भरलेल्या गेलों व रिकाम्या आलों. त्या वेळीं रूथ तिच्या शेजारींच उभी होती, पण दुःखामुळें ती तिला मोजावयास विसरली. ग्रंथाच्या शेवटीं शेजारणी तिला सांगतात कीं सात पुत्रांहून ही सून अधिक आहे. देशांतरानें घरें मोडतात हें खरें. शास्त्र तें लपवीत नाहीं. तरी त्याच वाटेनें देवानें बेथलेहेमांत दावीदाची पणजी आणिली. इब्री ११ प्रमाणें आपण सर्वच पृथ्वीवर परके व प्रवासी आहों. ज्यांचीं घरें पक्कीं बांधलीं आहेत त्यांना ही आठवण अधिक हवी.

वर्गांत विचारण्यासाठीं प्रश्न

१. अब्राहाम, इसहाक व याकोब यांच्या तीन गोष्टींवरून, गांव सोडण्यापूर्वीं ख्रिस्ती कुटुंबानें काय करावें?

२. रूथला परमेश्वराची ओळख कोणाकडून झाली? आपल्या शेजारच्या कोपींतील माणसास ती कोणाकडून होईल?

३. बवाजानें नियमापेक्षां अधिक काय काय केलें? एकेक गोष्ट सांगा.

४. आपल्या मंडळींतून यंदा कोण कोठें गेलें आहे? त्यांपैकीं कोणाशीं गेल्या महिन्यांत आपण बोललों?

५. आपल्या गांवीं सध्यां परके कोण आहेत? त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत काय?

प्रार्थनेचे विषय : फडावरील आजारी स्त्रिया व लहान मुलें, मागें राहिलेले म्हातारे, मुकादम व शेतमालक यांच्या मनीं देवाचें भय, आणि आपल्या दारीं आलेल्या परक्यास ओळखण्याची बुद्धि.